पन्नास लाखांची गाडी पावणेबारा लाखांत

वाचकाचं पत्र:

"माझं वय ४२. मार्केट यार्डात हळदीची अडत आहे, राहायला विश्रामबागला. घरात आम्ही दोघं, आई-वडील आणि दोन मुलं. मोठी नववीत, धाकटा चौथीत. सध्या २०१३ ची वॅगनआर आहे. मिसेस मिरजेला शाळेत शिक्षिका आहे, गाडी रोज तीच नेते. आता जरा मोठी गाडी घ्यावी म्हणतो. बजेट १२ लाख, त्यातले पाच कर्ज काढून. पुण्यात एका डीलरकडे २०१६ ची बीएमडब्ल्यू ३२०डी बघून आलो. काळी, डिझेल, सेकंड ओनर, ६८ हजार किलोमीटर. ११ लाख ७५ हजार सांगतोय. नवी असताना ही ५० लाखांच्या घरात होती म्हणे. तेवढ्या पैशात नवीन घ्यायची तर अर्टिगा येते. मेहुणा म्हणतो, दिल्लीची अशीच गाडी आठ लाखांत काढून देतो. वडिलांचे गुडघे दुखतात, तरी त्यांची तक्रार वेगळीच आहे: असली गाडी यार्डात लावलीस तर शेतकरी काय म्हणेल? वॅगनआर विकून ही एकच गाडी ठेवायचा विचार आहे. घ्यावी का? आणि रंग काळाच बरा, की पांढरी शोधू?"
– एक अडते, सांगली

नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा गाडीसाठी, दुसऱ्यांदा माणसं मोजायला. तुम्ही दोघं, आई-वडील, दोन मुलं: सहा. गाडी पाच जणांची. त्यातही ३२०डी मागच्या चाकांवर चालते, त्यामुळे इंजिनाकडून मागे जाणाऱ्या शाफ्टसाठी मधोमध उंच बोगदा आहे. मागच्या सीटवर मधे बसणाऱ्याला त्याच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून बसावं लागतं. म्हणजे गाडी चार माणसांची आणि एका सोशिक पाहुण्याची. पौर्णिमेला नरसोबाच्या वाडीला निघालात तर एक जण घरी राहणार किंवा धाकटा कुणाच्या तरी मांडीवर बसणार, आणि चौथीतला मुलगा मांडीवर किती दिवस मावणार?

हे एवढं ठळक असूनही पत्रात कुठेच आलेलं नाही. यावरूनच मला कळलं की गाडी तुमच्या मनात आधी भरली आणि घरासाठी म्हणून कारण नंतर शोधलं. मी दोष देत नाही. मीही हेच केलंय.

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. ओळखीच्या माणसाकडून आठ वर्षं जुनी परदेशी सेडान घेतली, साडेचार लाखांना. कंपनीचं नाव घेत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हता, माझ्या हिशेबाचा होता. तिला एअर सस्पेन्शन होतं. चार महिने राजासारखा फिरलो. मग एके दिवशी सकाळी गावभागातल्या आमच्या बोळात बघतो तर गाडी म्हैस बसावी तशी पुढून खाली बसलेली. हवा धरून ठेवणारी एअर स्प्रिंग फुटली होती आणि ती भरता भरता कॉम्प्रेसरही जळाला होता. आमच्या नेहमीच्या मिस्त्रींनी वाकून बघितलं, हात पुसले आणि म्हणाले, "याला हात लावायचं धाडस नाही माझं, पुण्याला न्या." पुण्याला न्यायची कशी? अशी गाडी टोचन लावून ओढता येत नाही. खाली टेकलेली, त्यात ऑटोमॅटिक. चाकं फिरवत लांब ओढली तर गिअरबॉक्सचं वाटोळं. ट्रकवर चढवून न्यावी लागली, आणि बोळात तो ट्रक शिरेना. अर्धा गावभाग गोळा झाला होता. गाडी घेतली तेव्हासुद्धा इतके लोक बघायला आले नव्हते. दुरुस्तीचा आकडा १ लाख ६० हजार आला. तो भरला, आणि दोन महिन्यांनी सव्वादोन लाखांना गाडी काढून टाकली.

यातून एक हिशेब पक्का डोक्यात बसला, तो तुम्हाला सांगतो. गाडी ५० लाखांवरून पावणेबारा लाखांवर आली, म्हणजे मधले सव्वाअडतीस लाख तुमच्या आधीच्या दोन मालकांनी सोसले. इथपर्यंत सौदा झकास. पण किंमत उतरली ती गाडीची. तिच्या हेडलाइटची, लोअर आर्मची, इंजेक्टरची, टर्बोची किंमत उतरलेली नाही. ते सगळं अजून ५० लाखांच्याच गाडीचं आहे, उलट दरवर्षी थोडं महागच होतंय. म्हणजे खरेदी बारा लाखांची आणि खर्च पन्नास लाखांच्या गाडीचा. पहिल्या मालकाला तो जड गेला नाही, कारण सुरुवातीची वर्षं वॉरंटीत गेली. तुमच्या वाट्याला नेमकी ती वर्षं येणार, ज्यांत रबराचे बुश, इंजिन माउंटिंग, शॉकअ‍ॅब्सॉर्बर, वॉटर पंप असं सगळं एकामागून एक वयात येतं.

टायरचंच घ्या. ही गाडी कंपनीतून रनफ्लॅट टायरवर येते, स्टेपनी नसते. पंक्चर झालं तरी ताशी ८० च्या आत साधारण ८० किलोमीटर जाता येतं, हा त्याचा फायदा. तोटा असा की त्याची बाजू कडक असते, खड्ड्यात फुगवटा आला की टायर टाकूनच द्यावा लागतो. पेठ-सांगली रस्त्याने इतकी वर्षं आपल्या गाड्यांची हाडं कशी खिळखिळी केली ते तुम्हाला मी सांगायला नको. चार टायरांना लाखाच्या आसपास धरून चाला. बरेच जण साधे टायर टाकून डिकीत स्टेपनी ठेवतात. चालतं, पण मग मुंबई-पुण्याच्या प्रवासात बॅगा कुठे ठेवायच्या ते बघा.

दुसरं, गिअरबॉक्स. यातला आठ गिअरचा ऑटोमॅटिक झेडएफ या जर्मन कंपनीचा आहे आणि फार उत्तम आहे. पण गाडीचे विक्रेते त्यातल्या तेलाला 'लाइफटाइम' म्हणतात, तर गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः सांगते की ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला, नाहीतर आठ वर्षांनी तेल बदला. तुम्ही बघितलेल्या गाडीची आठ वर्षं कधीच उलटली आहेत. बदललंय का, हे डीलरला विचारा. उत्तर काय येतं यापेक्षा प्रश्न ऐकून त्याचा चेहरा कसा होतो ते बघा.

आता त्या ६८ हजारांबद्दल. इतक्या वर्षांत ६८ हजार म्हणजे वर्षाला सात हजारांच्या आसपास. डिझेल गाडी घेऊन वर्षाला सात हजारच फिरणारा माणूस असतो, नाही असं नाही; पण तुम्ही रोज हळदीची पोती बघता, वरची मूठ कशी आणि आतला माल कसा हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. मीटर मागे फिरवणं ही तासाभराची करामत आहे. पण या गाड्यांत किलोमीटरची नोंद फक्त काचेमागच्या आकड्यात नसते. इतर कंट्रोल युनिटांत असते, किल्लीतसुद्धा असते. म्हणून दोन्ही किल्ल्या मागा. चेसिस नंबरवरून अधिकृत सर्व्हिस सेंटरमधला आतापर्यंतचा इतिहास काढायला लावा, आणि तिथेच गाडीचं पूर्ण स्कॅनिंग करा. दोन-पाच हजार जातील. डीलर "आमचाच माणूस चेक करून देतो" म्हणाला तर उठून या, चहासाठीसुद्धा थांबू नका.

पुराचं आपल्याला वेगळं शिकवायला नको. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची धोक्याची पातळी ४५ फूट, आणि २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. त्या आठवड्यात पाण्यात गेलेल्या गाड्या तुम्ही बघितल्या असतील. विमा कंपनीने टोटल लॉस धरलेल्या गाड्या लिलावात जातात आणि कुठेतरी लांब, चकाचक होऊन उभ्या राहतात. आपल्या गाड्या तिकडे जातात तशा तिकडच्या इकडे येतात. तेव्हा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, तळाकडच्या पट्ट्यावर चिखलाची रेघ राहते. सीटखालच्या रुळांवर गंज आहे का बघा, डिकीतलं कार्पेट उचलून हात फिरवा. या गाडीची बॅटरी डिकीत असते आणि बरंच इलेक्ट्रॉनिक्स खालच्या बाजूला, त्यामुळे पाण्यातून गेलेली गाडी आज चालते आणि सहा महिन्यांनी एकेक दिवा लावायला सुरुवात करते. आणि नाकाचा वापर करा. एसीच्या वासावर अत्तराची बाटली उपडी केलेली असेल तर कशावर केली आहे हे सांगलीकराला ओळखता येतं.

मेहुण्यांची दिल्लीची गाडी: नको. ती आठ लाखांत का मिळते, तर एनजीटीच्या (राष्ट्रीय हरित लवादाच्या) २०१५ च्या आणि सुप्रीम कोर्टाच्या २०१८ च्या आदेशांमुळे दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर गंडांतर आलं. त्या भीतीने २०१६ च्या डिझेलचा तिथे भाव पडला. महाराष्ट्रात ती चालवता येईल, पण तिकडच्या आरटीओची एनओसी आणायची, इथे नवीन नंबर घ्यायचा आणि इथला वन टाइम टॅक्स भरायचा. २० लाखांवरच्या डिझेल गाडीला आपल्याकडे हा दर १५ टक्के आहे. गाडीच्या वयानुसार रक्कम घटते, तरी मूळ किंमत मोठी असल्याने उरलेला आकडाही सणसणीत येतो. शिवाय नऊ-दहा वर्षं दिल्लीच्या ट्रॅफिकमध्ये रखडलेलं इंजिन तुम्ही न बघता घेणार. मेहुण्यांशी संबंध चांगले ठेवायचे असतील तर त्यांच्यामार्फत गाडी घेऊ नका, एवढंच म्हणतो.

पुण्याची गाडी एमएच १२ असेल तर ही कटकट नाही. नंबर तोच राहतो, टॅक्स पुन्हा नाही. फॉर्म २९ आणि ३० वर नोंदणीकृत मालकाची सही हवी. "मालक दुबईला आहेत, सही करून ठेवली आहे" असलं काही ऐकायचं नाही. आधीच्या कर्जाचा बोजा आरसीवर असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. ई-चलन थकलंय का ते परिवहनच्या साइटवर दिसतं. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं, ते दाखवा म्हणा. विम्याचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, तो आधीच्या मालकाचा. आणि एवढ्या जुन्या गाडीला झिरो डेप, म्हणजे घसारा न कापता भरपाई देणारा विमा, मिळणं अवघड. म्हणजे बंपर फुटला तर क्लेममध्ये प्लास्टिकच्या भागाची निम्मी किंमत तुमच्याच खिशातून जाणार. जुन्या गाडीच्या कर्जाचा व्याजदर नव्या गाडीपेक्षा जास्त असतो, हे बँकेत कळेलच.

आता मुख्य गोष्ट. तुमच्या पत्रात वडिलांचं मत आहे, मेहुण्यांचं आहे, तुमचं तर आहेच. गाडी रोज जी चालवणार तिचं मत कुठे आहे? विश्रामबागहून मिरज, शाळेच्या वेळेला, रिक्षा, दुचाक्या आणि उसाच्या ट्रॉल्यांमधून. वॅगनआर कुठेही घुसते, कुठेही उभी राहते, कुणी घासून गेलं तर पाच-सात हजारांत काम होतं. त्या जागी लांब, खाली बसकी, मागे काय आहे ते न दिसणारी काळी बीएमडब्ल्यू. स्पीडब्रेकरवर चेंबर घासलं की काळजात चर्र होणार ते त्यांच्या, तुमच्या नाही. आणि ज्या दिवशी डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागेल त्या दिवशी शाळेला जायचं कशाने? सर्व्हिस सेंटर गाठायला सव्वादोनशे किलोमीटरवरचं पुणं. कोल्हापुरात सोय होते का ते आधी फोन करून विचारा. एखादा सेन्सर मागवायला चार दिवस लागले तर तुम्ही दुसरी गाडी विकून बसलेले.

म्हणून माझं उत्तर: वॅगनआर विकून, कर्ज काढून, घरची एकुलती एक गाडी म्हणून ही घेऊ नका.

अर्टिगा घ्या असं मी सांगणार हे तुम्हाला ठाऊकच असेल, आणि ते वाचून मन खट्टू होईल हे मला ठाऊक आहे. अर्टिगा घेतल्याचा आनंद पेढे वाटण्यापुरता असतो, मान्य. पण सहा माणसं बसतात, त्यात मोडेल असं जे काही आहे ते सांगलीतल्या कुठल्याही गॅरेजात सुधारतं, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीची रचना बदलून सेस गेल्यानंतर तिच्या किमतीही उतरल्या आहेत. किया केरेन्स थोडी ताणून बसते, जरा नटवी आहे. जुन्यातच जायचं असेल तर इनोव्हा क्रिस्टा बघा. मात्र इनोव्हा जुनी होते, स्वस्त होत नाही, तेव्हा बारा लाखांत लाखावर किलोमीटर फिरलेलीच मिळेल. त्याला घाबरू नका, सर्व्हिसची नोंद नीट असेल तर ती पुढेही तेवढीच फिरते. वडिलांना तिच्यात चढताना पायरी लागेल, पण उतरताना गुडघे वाकवून वर उठावं लागत नाही. खाली बसक्या सेडानमध्ये नेमका तोच त्रास असतो.

आणि हौसेचं काय? ती खरी आहे, आणि ही गाडीही खरी आहे. एकदा हायवेला चालवली की लोक तिच्याबद्दल असं का बोलतात ते कळतं. शंभरच्या वेगाला रस्ता धरून बसते, ब्रेक मारला की जागच्या जागी थांबते, आत बोललेलं आत ऐकू येतं. ही हौस करायचीच असेल तर तिला हौस म्हणा, घरची गाडी म्हणू नका. वॅगनआर ठेवा. कर्ज काढू नका. तुमच्या स्वतःच्या सात लाखांत बसणारी गाडी शोधा, भले थोडी जुनी, पण नोंद पूर्ण असलेली, आणि वर आणखी तीन लाख मुदत ठेवीत साठल्यावरच घ्या. माझ्या अंदाजाने वर्षाला लाख-सव्वा लाख सरासरी धरा. एखाद्या वर्षी तीस हजारांत भागेल, एखाद्या वर्षी अख्खी ठेव जाईल. त्या पैशाकडे बघून झोप उडणार नसेल तर बिनधास्त घ्या. कुणी म्हणेल २०२० नंतरची बीएस ६ डिझेल घ्या, तर तुमच्या वापराला तीही नको: तिला डीपीएफ नावाची धुराची जाळी असते, ती साफ व्हायला लांबचा सलग प्रवास लागतो, आणि गावातल्या छोट्या फेऱ्यांत ती तुंबते. घ्यायचीच तर पेट्रोल घ्या, आणि २०२३ च्या आधीची असेल तर ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल चालतं का ते कंपनीच्या मॅन्युअलमध्ये बघून घ्या.

वडिलांच्या शेतकऱ्याच्या प्रश्नाला हसू नका. विकलेल्या मालाच्या हिशेबाची पट्टी करायला बसलेला माणूस दारातली गाडी बघतो आणि अडतीचा टक्का मनात मोजतो. यार्डात असली गाडी नेऊच नका. त्यांनी पन्नास वर्षं जी गिऱ्हाइकं जोडली ती टिकवायची रीत त्यांना ठाऊक आहे.

रंगाचं विचारलंत, ते राहिलंच. पांढरा. आपल्याकडे एप्रिल-मेचं ऊन, त्यात हळदीच्या सौद्यांचा हंगाम. काळ्या गाडीवर पिवळी पूड बसली की सकाळी पुसलेली गाडी दुपारी लग्नातल्या नवरदेवासारखी दिसते, आणि कोरडं फडकं मारलंत की कायमचे ओरखडे.